मागचे पंख

चेन्नईतल्या मैलापूरच्या गच्चीवर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि कावळा काही केल्या भाताला शिवत नव्हता. सरोजाचं पहिलंच वर्षश्राद्ध. पानावरचा भात वाळायला लागला, खाली गुरुजी आणि पाहुणे उपाशी ताटकळलेले, आणि हा शहाणा पाण्याच्या टाकीवर बसून मान वाकडी करून बघतोय. शेषगिरींचा जीव कासावीस झाला. बायकोचं असं काय मनात राहिलं असेल?

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या जाळीच्या तंबूवर गेली. आत लेकीची, जननीची फुलपाखरं होती. ती पीएचडी करत होती, आणि त्यापायी तिनं निम्म्या फुलपाखरांचे मागचे पंख कात्रीनं कापले होते. नखं कापल्यासारखंच, दुखत नाही, असं ती म्हणायची.

"आजच्या दिवशी घरात मुक्या जिवांचे हाल," ते म्हणाले. "तुझी आई जेवेल कशी? सोड त्यांना."

"कापलेली सोडायची नाहीत, अप्पा. उडतात छान, पण त्यांना झटकन वळता येत नाही. वाचायची नाहीत ती."

छान उडतात आणि वाचत नाहीत, हे कसलं शास्त्र? शेषगिरींच्या डोक्यात काही शिरेना. ती थांबा म्हणेपर्यंत त्यांनी तंबूची चेन ओढलीसुद्धा.

पहिलं बाहेर आलं ते अख्खं होतं. कावळा टाकीवरून झेपावला, तसं ते गर्रकन वळून शेजारच्या कडुनिंबात पसार झालं. दुसरं कापलेलं. तेही तितकंच उंच गेलं.

"बघ, उडतंय की," शेषगिरी म्हणाले.

ते सरळ गेलं. कावळा आला तरी सरळच जात राहिलं. त्यानं ते हवेतच टिपलं, कठड्यावर बसून गिळलं, मग उडी मारून पानावर आला आणि भात खाऊ लागला.

जननीनं धावत येऊन चेन लावली.

"शिवला का हो?" खालून गुरुजींनी विचारलं.

शेषगिरींचे हात आपोआप जोडले गेले होते. कावळ्याच्या चोचीला शितांबरोबर फुलपाखराच्या पंखांची पिवळी पूड लागली होती. जन्मात अंड्याला हात न लावलेली सरोजा. हो म्हणावं की नाही, त्यांना कळेना. ते लेकीकडे बघत राहिले.

"सांगा, अप्पा," ती म्हणाली. "आई जेवली म्हणून."