बारीक अक्षरांत

सत्ता बदलली की आईच्या माहेरच्या गावाचं नाव बदलायचं. आधी राजाचं दिलं, मग सेनापतीचं. तिला आठवणारं नाव कुठंच सापडेना, तेव्हा 'आईचं आता वय झालंय' असं घरात सगळे म्हणू लागले. ती मात्र हट्टालाच पेटली. शेवटी मुलगा तिला संग्रहालयात जुने नकाशे दाखवायला घेऊन गेला.

नकाशे सांभाळणाऱ्या बाईंनी एकेक नकाशा टेबलावर पसरला. शेवटच्या नकाशात गावावर सेनापतीचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. पण शेजारच्या ओढ्यालगत, बारीक अक्षरांत, आई सांगायची तेच नाव होतं.

"आई, सापडलं! पण हे तर ओढ्याचं नाव आहे गं."

"ओढ्याला कुठलं आलंय नाव? आम्ही नुसतं ओढाच म्हणायचो."

बाई म्हणाल्या, "गावाचं जुनं नाव काढून टाकायचा हुकूम होता. नकाशा काढणाऱ्यानं ते ओढ्याला देऊन टाकलं असणार. ओढ्याकडे कोण बघतंय!"

आई त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

"कोण असेल रे तो? भेटला असता तर समोर बसवून पोटभर जेवू घातलं असतं."