शून्य तक्रारी

"शून्य," नम्रता मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "सहा महिन्यांत मीटिंग रूमची एकही तक्रार नाही. मग अकरा खोल्यांसाठी एक पूर्ण पगारी माणूस आपण कशाला ठेवलाय, तेवढं मला समजावून सांगा."

उत्तरेश्वरची कानशिलं तापली. वारज्याजवळच्या या कंपनीत तो सात वर्षं व्हिडिओ कॉलच्या खोल्या सांभाळत होता. कॅमेरे, माइक, भिंतीवरचे स्क्रीन, टेबलावरची टचपॅनल, सगळं त्याच्याकडे. तक्रार नव्हती, कारण तक्रार व्हायच्या आतच तो ती मिटवत असे. कात्रजहून निघून सकाळी सातला हजर व्हायचं, रात्री आलेल्या अपडेटनं काय घोळ घातलाय तो निस्तरायचा आणि नऊला लोक आले की काही झालंच नव्हतं अशा थाटात बाजूला व्हायचं. त्यानं हे मॅडमना सांगितलंही.

"त्याची नोंद कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

नोंद नव्हती. बिघाड दिसला की आधी तक्रार टाकायची, मग दुरुस्ती करायची, असा नियम होता. उत्तरेश्वरला तो निव्वळ बावळटपणा वाटे. दोन मिनिटांच्या कामाला पाच मिनिटांचा फॉर्म कोण भरत बसणार? आणि आपण केलेलं काम आपणच मिरवायचं, हे त्याच्या बार्शीच्या वळणात बसत नव्हतं. ते वळण आता अंगाशी आलं होतं.

यंत्रं हल्ली आपली आपण अपडेट होतात, मॅडम म्हणाल्या. शुक्रवारी त्यांना कमी करायच्या लोकांची नावं वर कळवायची होती. तोवर त्याच्याकडे काही पुरावा असेल तर त्यानं आणावा.

पुरावा मागतात! सात वर्षं घाम गाळला तो काय हवेत गेला? दुसऱ्या दिवशी सकाळी तो अकरा खोल्या फिरला तो दात-ओठ खातच. त्याला काम करताना काय करतोय ते मोठ्यानं बोलायची सवय होती. ऐकायला असायच्या त्या सरुबाई, आंबेगावच्या, त्याच वेळी टेबलं पुसणाऱ्या. खरं कारण त्यांना सांगायची त्याला लाज वाटली. आपलं काम कुणाला दिसतच नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? वरचे लोक आपल्यावर टपून बसलेत, एक चूक सापडायची खोटी, की नारळ देतील, एवढंच तो म्हणाला. सरुबाईंनी वरच्या लोकांना दोन अस्सल शिव्या घातल्या आणि फडकं पिळलं.

बुधवारी संध्याकाळी सूचना आली. त्या रात्री सगळ्या खोल्यांना मोठा अपडेट येणार होता. असले अपडेट उत्तरेश्वर ओळखून होता. सकाळी कॅमेरे झोपलेले सापडत, वायर काढून तीस आकडे मोजून परत लावल्याशिवाय जागे होत नसत. पॅनलवर इंग्रजीत एक प्रश्न येई. त्यात उजवं बटण दाबलं की खोली पाऊण तास बंद. आणि गुरुवारी अकराला मोठ्या खोलीत परदेशातल्या क्लायंटची मीटिंग होती.

गुरुवारी सकाळी त्यानं मेसेज टाकला, ताप आलाय, येत नाही. त्याच्या अंगात ताप नव्हता, पण रागानं डोकं मात्र खरंच तापलं होतं.

बायकोनं, अपेक्षानं, काय झालंय म्हणून दोनदा विचारलं. फोन समोर ठेवून तो खुर्चीत बसला. अकरा वाजता त्याला मॅडम डोळ्यांसमोर दिसू लागल्या. काळा स्क्रीन, हातात रिमोट, समोर घामाघूम झालेले साहेब. त्याला फार बरं वाटलं. पहिला फोन उचलायचाच नाही, दुसऱ्याला कण्हत बोलायचं, हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं.

सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. त्यानं अपेक्षाचा फोन घेऊन स्वतःला एक रिंग दिली. फोन नीट वाजत होता. संध्याकाळपर्यंत ऑफिसातून एकही फोन आला नाही.

शुक्रवारी मॅडमनी त्याला समोर बसवलं आणि तब्येतीची चौकशी केली.

"काल मी मुद्दाम अकराच्या आधी मोठ्या खोलीत जाऊन बसले," त्या म्हणाल्या. "एक बटण दाबलं, समोर क्लायंट. दिवसभरात अकरा खोल्यांतून एकही तक्रार नाही. पुरावा तुम्ही आणणार होतात. तो मलाच मिळाला."

त्यांनी पुढे सरकवलेल्या, नोकरीवरून कमी केल्याच्या पत्रात एका महिन्याची मुदत होती. उत्तरेश्वरनं ते दोनदा वाचलं. असं होणं शक्यच नाही, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तो तसं बोलला असता तर जाणूनबुजून घरी बसल्याची कबुलीच झाली असती. ज्या यंत्रांची सात वर्षं उस्तवार केली, ती नेमकी त्याच दिवशी फितूर झाली होती. त्याला एकेक स्क्रीन फोडून टाकावासा वाटला. पत्राची घडी खिशात कोंबून तो पाणी प्यायला पँट्रीत शिरला.

सरुबाई कप विसळत होत्या. त्याला बघून त्यांनी हात पदराला पुसले, बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं आणि जवळ आल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"सायेब, काल तुमी आला न्हाई. म्हनलं, मानसं टपून बसल्याली हायत, तुमच्यावर बोलनं यायला नको," त्या हळूच म्हणाल्या. "वायरी काढल्या, तीस मोजलं, परत लावल्या, डावं बटन दाबलं. अकराच्या अकरा खोल्या. कुनाला पत्ता बी लागू दिला न्हाई."