स्थिर हात

धाकटीने सुईत दोरा ओवला, तोही पहिल्याच खेपेला. "बघितलंस, ताई?" तिने हात पुढे धरला. बोटं जराही हलत नव्हती.

मागच्या वर्षी याच हातांना पाण्याचा पेला धरवत नव्हता. वडिलांना अंथरुणाला खिळवणारा आजार वारशाने तिच्याकडे आला होता. ते बिघडलेलं जनुक पेशीत वाचलंच जाऊ नये, म्हणून ताईने प्रयोगशाळेत एक प्रथिन घडवलं. जस्ताच्या एकेका कणाभोवती दुमडलेली इवलीशी बोटं. डीएनएची नेमकी अक्षरं ओळखून जनुकाच्या तोंडाशी पकड घेऊन बसणारी. माणसांवरच्या चाचणीत धाकटीलाही त्याचं इंजेक्शन मिळालं आणि कंप थांबला. त्या दिवशी ताईला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं.

धाकटी फ्रॉकला लेस लावत राहिली.

"भूक लागली असेल गं त्याला."

"असेल. हे संध्याकाळी आले की पाजतील दूध."

सकाळीच उंदरांची देखभाल करणाऱ्या बाईंनी ताईला प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यापाशी नेलं होतं. तेच इंजेक्शन दिलेल्या माद्या मजेत खात होत्या. पिल्लं कोपऱ्यात गार पडली होती. "आया ढुंकूनही बघत नाहीत, मॅडम." ताईने मग तपासून पाहिलं. जवळजवळ तीच अक्षरं आणखी एका, पिल्लांची माया जागवणाऱ्या जनुकाच्या तोंडाशी होती. प्रथिनाच्या बोटांनी तेही आवळलं होतं. ती पकड सोडवायची कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तशीच ती इकडे धावत आली होती.

बाळाचा आवाज बसत चालला. ताई आत गेली. दुपटं ओलंचिंब, ओठ कोरडे. उचलल्याबरोबर ते तिच्याच खांद्याला तोंड लावून चोखू लागलं.

ती त्याला घेऊन बाहेर आली. "अगं, ठेव ती शिवण! घे ना त्याला!"

धाकटीने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळाही नव्हता. ती प्रसन्न हसली.

"तुला आवडतो ना ताई? मग ने की घेऊन."

आणि तिने पुढचा टाका घातला.