रेघेवर पाय

"हसत उड्या मारा गं, दात दिसू देत," मोठ्या बाई पुन्हा एकदा म्हणाल्या, आणि खेळाच्या बाईंनी तोंडातली शिट्टी करकचून चावली.

मैदानाच्या फरशीवर ठिकरी चालली होती. म्हणजे ठिकरीचं सोंग. स्पीकरवरच्या गाण्याच्या तालावर नववीच्या मुली लंगडत घरं ओलांडत होत्या, वाकून ठिकरी उचलत होत्या आणि परदेशी शाळेतून आलेल्या पाहुण्या मुलींपुढे मान लववून बाजूला होत होत्या. आउट कोणी व्हायचंच नाही, असं ठरलं होतं. फोटोत उठून दिसाव्यात म्हणून रेघासुद्धा ऑइलपेंटनं चार-चार बोटं जाड मारून घेतल्या होत्या.

"ज्यात कोणी आउटच होत नाही तो खेळ कसला?" खेळाच्या बाईंनी तालमीच्या वेळीच मोठ्या बाईंना विचारलं होतं.

"पाहुण्यांसमोर भांडणं नकोत. एवढं सुरळीत पार पडू दे, नववीचा खेळाचा तास तुम्हाला परत देते."

तो तास गणिताचे सर कधीचेच बळकावून बसले होते. खेळाच्या बाईंनी मान डोलावली. अडला हरी, दुसरं काय.

शेवटी फोटोपुरती ठिकरी एका पाहुणीच्या हातात दिली. तिनं ती बोटांत फिरवून पाहिली, नेमकी टाकली आणि लंगडत सगळी घरं सफाईनं पार केली. तिला काही शिकवायची गरजच नव्हती. मग पाळी आली मिरचीची, नववीतल्या सगळ्यात तिखट पोरीची. ती तिसऱ्या घरात उतरली, तोच पाहुणी ओरडली आणि तिच्या पायाकडे बोट दाखवू लागली.

शब्द कोणाला कळले नाहीत, पण अर्थ सगळ्यांना कळला.

"ओलांडलीय कुठे रेघ? कडेला लागलाय नुसता," मिरची एका पायावर डुलत म्हणाली. "रडीचा डाव नको हं."

पाहुणी सरळ पालथी पडली, फरशीला गाल लावून एक डोळा मिटून रेघ न्याहाळू लागली. दोन्हीकडच्या मुली धावल्या आणि दोन भाषांत एकच भांडण सुरू झालं.

"बाई, शिट्टी वाजवा," मोठ्या बाई हसरा चेहरा तसाच ठेवून पुटपुटल्या.

शिट्टी वाजवली की तास मिळणार होता. खेळाच्या बाई पुढे गेल्या. त्यांना मनापासून वैताग आला होता, त्या गाण्याचा, दातांचा, त्या चार बोटं जाड रेघांचा. आज पहिल्यांदाच इथे कोणीतरी खेळत होतं. गेला तर गेला तास.

त्यांनी शिट्टी खिशात टाकली. "पाय हलवू नकोस गं. बघू दे."

तेवढ्यात घंटा झाली आणि हातात खडू आणि लाकडी पट्टी घेऊन गणिताचे सर वर्ग न्यायला आले. मुलींनी त्यांना गराडाच घातला.

"सर, तुम्हीच शिकवलंत ना, रेषेला जाडी नसते? मग हा पाय आत की बाहेर?"

"भूमितीतल्या रेषेला नसते. ही असली कोणी काढली?" सर वैतागले. वाकून पाहिलं, आणि मग इस्त्रीच्या पँटसकट गुडघ्यांवर बसले. "आधी हिचा मध्य काढावा लागेल. सरका, उजेड अडवू नका."

पाहुणी उठून बसली. तिनं एका हातानं पट्टीचं दुसरं टोक धरलं आणि दुसऱ्या हातानं डुलणाऱ्या मिरचीला आधार दिला.

मोठ्या बाईंचं हसू आता पुरतं मावळलं होतं. "सर, घंटा कधीच झाली. तास कुणाचा आहे हा?"

"खेळाचा," पट्टीवरून नजर न काढता सर म्हणाले. "आणि मिरची, पाय हलवलास तर आउट."