सूत्राच्या जागी

चौदाव्या आकृतीत, जिथे लाटेच्या उंचीचं सूत्र यायला हवं होतं, तिथे 'यायरा' छापून आलं होतं.

अराबा एशुनने प्रिंटरमधून निघालेला पुढचा कागद उचलला. पाण्यात बुडालेलं झाड, त्याला वळसा घालून जाणारे बारीक बाण, आणि बाणांच्या टोकांशी 'सेलोर्म', 'एटोर्नाम'. त्याच्या पुढच्या कागदावर पुन्हा यायरा.

चूक कशी झाली ते तिला लगेच कळलं. पदवी झाल्यापासून विभागातली सगळी पुस्तकं तीच लेटेक नावाच्या छपाईच्या संगणकप्रणालीत जुळवत आली होती. हे पुस्तक गेल्या वर्षी वारलेल्या प्रोफेसर टर्कसनांचं, आणि त्यांची रीत जुनी. आकृती काढताना सूत्राच्या जागी एखादा साधा शब्द टाकून ठेवायचा. छापायच्या वेळी लेटेक तो शब्द काढून तिथे सूत्र बसवायचं. लोक क, ख, ग लिहितात. छापील पानावर ते कुणाला दिसतच नाही. पण प्रकाशकाच्या हट्टापायी आज तिने पुस्तकाची पानं नव्या पद्धतीने काढली, नव्या पद्धतीला जुनी खूण कळली नाही, आणि शब्द उघडे पडले.

एकूण एक्केचाळीस आकृत्या होत्या. पंधरावीस पाहून ती थांबली. तीनच नावं, आलटून पालटून.

"बघू बघू." शेजारच्या टेबलावरून डॉक्टर अग्बेको मक्याच्या केंकेची बोटं पुसत उठून आला. "यायरा, सेलोर्म... अहो अराबाताई, ही तर सगळी आमच्याकडची नावं. तुमच्या फांटे प्रोफेसरांना आम्हा एवे लोकांचा एवढा पुळका कधीपासून? मला तर दोन वर्षांत कधी घरी बोलावलं नाही."

"तू तेव्हा शाळेत असशील," अराबा म्हणाली.

"केव्हा?"

"सर मुलांना घेऊन व्होल्टा सरोवरावर लाटा मोजायला गेले होते. बहुतेक तिकडची भाषा येणारी मुलं निवडली होती. होडी धरणाच्या पाण्यात बुडालेल्या एका झाडावर आदळली. सर वाचले, नावाडी वाचला."

अग्बेकोने हातातला कागद हळूच टेबलावर ठेवला आणि त्याच्यापासून बोटं लांब घेतली.

नावं पुसायच्या आधी सरांच्या पत्नीला विचारावं म्हणून तिने फोन लावला.

"आँटी, सर या आकृत्या कधी काढायचे?"

"रविवारी," टर्कसनबाई म्हणाल्या. "चर्चची वेळ झाली की हा आपला खोलीत. काहीतरी पुटपुटत बसायचा. मी दारातून विचारायची, कुणाशी बोलतोस? म्हणायचा, आकृतीला नावं देतोय. हे पुस्तक हाती घेतल्यापासून अकरा वर्षं भांडले गं त्याच्याशी. देवाला रविवारचे दोन तास देता येत नाहीत म्हणून." मग त्यांनी विचारलं, "का गं? चुकल्यात का?"

"नाही आँटी. एक रेघ चुकलेली नाही."

पुस्तक शुक्रवारी पाठवायचं होतं. सरांच्या हातची यादी अग्बेको वाचत राहिला, कुठल्या नावाच्या जागी कुठलं सूत्र. अराबा एकेक नाव काढून सूत्र बसवत राहिली. अक्षरं जात, अंक येत. आकृत्या नीटनेटक्या होत चालल्या तसतशी ती हळू होत गेली. तिसाव्या आकृतीपासून ती प्रत्येक नाव पुसण्याआधी ओठातल्या ओठात म्हणू लागली. अग्बेकोने ते ऐकलं आणि तोही हळू वाचू लागला.

शेवटच्या आकृतीत चार नावं होती. तिघं पाण्यात. चौथं किनाऱ्याच्या रेघेवर.

'अराबा'.

त्या सकाळी सेलोर्म होडीत जाणार नव्हता. जागा अराबाची होती. होडीचा काठ हलताना पाहून तिला धडकी भरली आणि पोटात कळ आल्याचं सांगून ती मागे राहिली. सेलोर्म हसत तिच्या जागी चढला. पोटात कळबिळ काही नव्हती. हे तिने एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सरांनीही कधी विचारलं नव्हतं.

"इथे काय आहे?" तिने विचारलं. 

अग्बेकोने यादीवरून बोट खाली नेलं. पडद्यावरचं नाव त्यानेही वाचलं होतं. "वेग बरोबर शून्य," तो खाली बघूनच म्हणाला. "म्हणजे... किनाऱ्याला टेकलेलं पाणी हलत नाही, एवढंच. पहिल्या वर्षाला शिकवतो आपण."

"मला सरांनीच शिकवलं होतं."

तिने आपलं नाव पुसलं आणि शून्य बसवला. पानं पुन्हा काढली. यावेळी कुठे काही अडलं नाही.

बिघडलेल्या पानांचा गठ्ठा उचलायला अग्बेकोने हात पुढे केला, पण तिने तो आधीच पिशवीत घातला होता.

"तू क्पांडोचा ना रे? तिकडच्या बाजारात अकोफा म्हणून एक बाई सुकी मासळी विकायची. अजून बसते?"

"अकोफाकाकी? बसते की. माझ्या आईच्या शेजारीच. तिचा मुलगा सेलोर्म..." त्याची नजर पिशवीकडे गेली. मग तो म्हणाला, "शनिवारी घरी चाललोय. काही निरोप असेल तर सांगा."

"निरोप नाही. मीच येते तुझ्याबरोबर."

तो मान हलवून टेबलावरचा पसारा आवरायला लागला.

"रस्त्यात पाणी लागतं का?" तिने विचारलं.

"एकदा लागतं," अग्बेको म्हणाला. "पूल आहे."