पाहणीतला प्रश्न

पाहणीसाठी लालबागच्या चाळीत आलेल्या नलूने ठरवून दिलेला प्रश्न विचारला, “पोट पाडणाऱ्या बाईला शिक्षा व्हावी का?”

“व्हायलाच पायजे!” पहिल्याच दारातली रखमा कडाडली. “असलं काय इचारता? संयुक्त महाराष्ट्र पायजे का ते इचारा, अख्खी चाळ एका आवाजात हो म्हणंल.”

पुढच्या सगळ्या दारांतही तेच ऐकू आलं. नलू जिना उतरली, रस्त्यापर्यंत गेली, तिथे घुटमळली आणि परत वर येऊन रखमाच्याच दारात उभी राहिली.

“एखादी पोर फसली आणि कुणी तिला यातून सोडवलं, तर चालेल का?”

रखमाने आत सासूकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “सोडवायलाच पायजे. नाहीतर जीव देईल की ती.”

गिरगावात पोचेपर्यंत नलू तेवढेच शब्द मनात घोळवत होती. आई बिरड्याचे वाल सोलत बसली होती.

“आई, आमच्या पाहणीत एक प्रश्न आहे. एखादी पोर फसली आणि कुणी तिला यातून सोडवलं, तर चालेल का गं?”

आईचे हात थांबले.

“कितवा महिना?”