साथीला कोण?

चष्म्यांच्या दुकानात कारागिराने मालकापुढे मोबाइल धरला. "वहिनी काय सुरेख गातात हो! पण साथीला माउथ ऑर्गन कोण वाजवतं?"

मालक चाट पडला. बायको घरी जुनी गाणी म्हणून व्हिडिओ टाकते, हे त्याला ठाऊक होतं. व्हिडिओत ती एकटीच दिसत होती, पण गाता गाता मोबाइलच्या मागे कुणाकडे तरी बघून गोड हसत होती.

"ते संगीत मोबाइलमध्येच मिळतं," बायकोने उडवून लावलं.

आईला विचारलं, तर तिने नजर चुकवली. "मला काय माहीत बाबा? दुपारी मी झोपलेली असते."

आईसुद्धा सुनेला सामील! त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी दुकान कारागिरावर टाकून तो घरी आला. खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून बायकोचा आवाज येत होता आणि त्याच्या जोडीला माउथ ऑर्गन. त्याने धाडकन दार उघडलं.

आवाज घुमू नये म्हणून खिडकीवर रजई टांगलेली होती. पुस्तकांच्या चळतीला मोबाइल टेकवलेला. आणि त्याच्या मागे, पलंगावर, आई! तिने घाईघाईने माउथ ऑर्गन उशीखाली सारला.

"लग्नाआधी वाजवायचे रे," ती चाचरत म्हणाली. "हिला मीच गप्प राहायला सांगितलं. तुझ्या बाबांना मात्र सांगू नकोस हं."

 

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.